माझ्या पोटातलं कुसळ

मित्रांनो, मला पाहून तुम्ही नाक मुरडाल. भात्याला तीन ठिगळं, दोन काळ्या पट्ट्यांचे टवके उडालेले, झाकणाच्या कडीला सुतळी. पण मी आंबागडच्या यादोरावांची पेटी आहे, आणि एके काळी माझ्याशिवाय या गावात भजन सुरू होत नसे. आज मी माझी गोष्ट सांगणार आहे. तिच्यात माझी फारशी शोभा नाही, हे आधीच सांगून ठेवते.

माझा जन्म नागपूरचा. इतवारीतल्या एका चिंचोळ्या दुकानात एका म्हाताऱ्या कारागिरानं मला घडवलं. अंग सागवानाचं, आणि पोटात पितळेच्या जिभांची रांग. भात्यानं वारा घातला की या जिभा थरथरतात आणि सूर निघतो. एकेक जीभ घासून, कानाशी धरून त्यानं माझे सूर लावले होते. त्यामुळे मी तोऱ्यातच दुकानाबाहेर पडले.

एकसष्ट साली यादोरावांनी मला विकत घेतलं. एसटीच्या टपावर ठेवायला कंडक्टरनं सांगितलं तर ते म्हणाले, "टपावर मी बसतो, पेटी आत राहू द्या." शेवटी मांडीवर घेऊनच त्यांनी मला तुमसरपर्यंत आणलं आणि पुढे बैलगाडीत.

यादोराव धानाचे शेतकरी. गावतलावाखाली त्यांच्या चार बांधी, म्हणजे बांध घातलेली शेतं, होती. रोवणीच्या दिवसांत चिखलात राहून त्यांची बोटं फुगायची, एरवीही ती जाडच होती. पण माझ्या पट्ट्यांवर तीच बोटं इतकी हलकी पडायची की मला गुदगुल्या व्हायच्या. कार्तिकातल्या काकड्याला मी, सप्ताहाला मी, आणि दिवाळीनंतर गावची मंडई, म्हणजे जत्रा, भरली की दंडारीच्या नाच-गाण्याच्या मंचावरही मीच. वाजवून झालं की ते धोतराच्या सोग्यानं मला पुसायचे. दुसऱ्या कोणाला पुसू द्यायचे नाहीत. आजूबाजूच्या गावांत त्यांना 'पेटीवाले यादोराव' म्हणत. मला वाटायचं, या माणसाचं अर्धं नाव माझंच आहे.

मग पंचाहत्तर साली ती आली.

जवळच्या मँगनीजच्या खाणीवर एक साहेब होते. यादोरावांकडून ते दर वर्षी वासाचा तांदूळ नेत आणि ओसरीवर बसून माझं वाजणं ऐकत. त्यांची बदली बालाघाटकडे झाली तेव्हा निरोप घ्यायला आले आणि आपली गिटार यादोरावांच्या हातात ठेवून म्हणाले, "तुम्हारे पास कान है, यादोराव. ये तुम रखो."

मी तिला नीट पाहून घेतलं. कंबर बारीक, मान लांब, अंगावर मधाच्या रंगाचं रोगण, आणि सहा तारा. पोटाला एवढं मोठं भोक. उघड्या पोटानं परक्या घरात येणारी बाई मी पहिल्यांदाच पाहत होते. यादोरावांनी तिच्या तारेवरून अंगठा फिरवला आणि लहान मुलासारखे हसले. माझ्याकडे पाहून ते असं कधी हसले असतील तर ते मला आठवत नाही.

त्यांची बायको शकुनबाई दारात उभी होती. ती म्हणाली, "मले हे पेटी सवत होती, आता पेटीलेबी सवत आली." सगळे हसले. मला हसू आलं नाही.

जाण्याआधी साहेबांनी दोन कामं केली. माझ्या सहा पांढऱ्या पट्ट्यांवर पेन्सिलीचे सहा ठिपके दिले. तार उतरली की तिची ठिपक्याची पट्टी दाबायची आणि तार तिच्याशी जुळवायची. म्हणजे बाईसाहेबांचे सूर माझ्याकडून उसने! आणि दुसरं, जीपमध्ये बसताना त्यांनी एक सल्ला दिला. "पहले कॉर्ड पक्का करो. फिर सोलो."

आमच्याकडे सोळाला सोला म्हणतात. जीप सुरू होती, इंजिनाचा आवाज होता. यादोरावांनी ऐकलं, 'फिर सोला.'

"सोला गाने पाठ झाले पायजे," त्यांनी शकुनबाईला सांगितलं. "त्याबिगर गिटारवाला म्हनत नाई कोनी."

"सोलाच काहून? पंधरा काहून नाई?"

"सायेबाचा कायदा हाये."

झालं. यादोराव सोळा गाण्यांच्या मागे लागले. साहेबांनी कागदावर काढून दिलेल्या कॉर्डच्या, म्हणजे एकदम वाजवायच्या सुरांच्या, आकृत्या पाहून ते तारा दाबायचे आणि झ्यांव झ्यांव करून ताल धरायचे. गाणं मात्र दुसऱ्यानं म्हणायचं, आणि चाल वाजवायला पेटीच लागायची. एक गाणं बसलं की भिंतीवर कोळशानं एक रेघ. रस्त्यानं जाणारे विचारायचे, "किती झाले गा यादोराव?" आणि हे अभिमानानं सांगायचे, "अकरा."

त्या दिवसांत माझं दुःख एवढंच होतं की मला आता शेजारचे भय्याजी वाजवायचे. माणूस चांगला, पण बोटं जड, आणि तोंडात पान. यादोरावांच्या हलक्या बोटांची सवय असलेल्या मला ते लाकडं फोडल्यासारखं वाटायचं. तरी मी सहन केलं, कारण चाल माझ्याकडे होती. गिटार नुसती माझ्यामागून फरफटत यायची. मी मनात म्हणायची, कर झ्यांव झ्यांव.

दोन वर्षांनी साहेब तांदळासाठी पुन्हा आले. यादोरावांनी त्यांना बसवून भिंतीवरच्या सोळा रेघा दाखवल्या आणि सोळाच्या सोळा गाणी ऐकवली. साहेबांनी शेवटपर्यंत ऐकलं, मग विचारलं, "सोला क्यों?" खुलासा झाला तेव्हा ते इतके हसले की चहा सांडला. "सोला नहीं, सोलो. मतलब अकेले. कोई गाए नहीं, पेटी भी न बजे. गिटार खुद गाना बोले."

"म्हंजे एकटीनं?" यादोरावांनी विचारलं.

"एकदम अकेली."

मी कोपऱ्यात होते. पेटी भी न बजे! दोन वर्षं जिला मी हाताला धरून चालवलं, तिला आता माझी गरजच नव्हती. यादोरावांनी भिंतीवरच्या रेघा ओल्या फडक्यानं पुसल्या. निराश होऊन नाही, उत्साहानं.

साहेबांनी जाताना एक-दोन युक्त्या दाखवल्या होत्या. त्यांवर यादोरावांनी आपली शाळा भरवली. सोलोसाठी त्यांनी काकड्याच्या भजनाची चाल निवडली. माझी चाल. पंधरा कार्तिक मी ती वाजवली होती. आणि ती तिला शिकवणार कोण? मीच. शकुनबाई माझा भाता हलवायची आणि सांगितलेली पट्टी दाबून धरायची. यादोराव तोच सूर गिटारीच्या तारेवर शोधायचे. "हा नाई. हाबी नाई. थांब… हा गवसला." गवसला की तिथं गेरूचा ठिपका.

पहिले तीन महिने ते एकाच तारेवर होते. बांधीच्या अरुंद धुऱ्यावरून तोल सावरत चालावं तसं बोट सरकायचं. मग दुसऱ्या तारेवर गेले तेव्हा जाड बोट शेजारच्या तारेला लागून सूर मुका व्हायचा. डावा हात पुढे, उजवा मागे. साहेबांनी दिलेली, तार छेडायची नखी खळ्यावर हरवली, म्हणून त्यांनी शकुनबाईच्या फणीचा तुकडा कापून नखी केली आणि दोन दिवस त्या बाईच्या शिव्या खाल्ल्या. सोपी जागा आली की हे धावत सुटायचे आणि अवघड जागा आली की थबकायचे.

"उतारावर लागलेला बैल असाच पळते," शकुनबाई म्हणायची. "चढावरची चाल धरा, मंग उताराले तशीच ठेवा."

हे त्यांना पटलं. त्यांनी सगळी चाल अवघड जागेच्या वेगानं वाजवायला घेतली. हळूहळू तुकडे जोडले गेले. माझ्या मनात रोज यायचं, आज बोट चुकावं, आज तार तुटावी. तार तुटायची नाही. मी जळत राहायची आणि सांगितलेला सूर देत राहायची, दुसरं करणार काय?

अठ्ठ्याहत्तरच्या आश्विनात एका सकाळी पूर्ण चाल निघाली. पहिल्या तारेवर सुरू झाली, दुसरीवर उतरली, तिसरीवर टेकली आणि परत वर गेली. कुठं थांबली नाही. शकुनबाई माझा भाता सोडून गिटारीकडे वळली. ती म्हणाली, "हे तं बोलून राहिली. पेटीपरीस गोड वाटते."

इतकी वर्षं त्या बाईनं माझ्याबरोबर काकडा म्हटला होता. तिचं ते एक वाक्य माझ्या जिव्हारी लागलं. भय्याजींनी गावभर बातमी केली, आणि ठरलं की यंदाच्या मंडईत दंडारीच्या आधी यादोरावांचा सोलो. पेटी त्यानंतर, दंडारीसाठी.

दिवाळीच्या सुमारास हलका, म्हणजे लवकर पिकणारा, धान घरी आला. माझ्या शेजारीच बांबूची मोठी ढोली होती, धान साठवायची. तिच्यात पोती रिकामी करताना धुरळा उडाला आणि माझं झाकण त्या दिवशी उघडं राहिलं होतं. धानाचं एक कुसळ आत शिरलं आणि पांढऱ्या पाचव्या पट्टीच्या जिभेला जाऊन टेकलं. साहेबांच्या सहा ठिपक्यांतली ही पट्टी. गिटारीची तिसरी तार हिच्यावर जुळायची.

मित्रांनो, म्हणतात ना, दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं पण स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही. मला माझं दिसत होतं. ते कुसळ माझ्या पोटात होतं आणि कुठल्या जिभेवर आहे हेही मला ठाऊक होतं. कुसळ अडकलेली जीभ सहसा खरखरते आणि वाजवणारा पेटी उघडून बघतो. मी अंग आवरून धरलं. खरखर होऊ दिली नाही. केसभर उतरलेला सूर गोड करून दिला.

मंडईच्या सकाळी दव पडलं होतं, गिटारीच्या तारांचे सूर हलले होते. यादोराव त्या जुळवायला बसले. भय्याजी भाता हलवत होते. पाच तारा जुळल्या. तिसऱ्या तारेला यादोरावांचा हात थांबला.

"भय्याजी, हे पांढरी पाच मले जराशी खाली वाटून राहिली."

"काय गा यादोराव. पेटी कधी खोटी बोलते का? तार सरकते, पेटी नाई सरकत. रातभर झोपला नसशीन, कान थकला असन तुहा."

यादोरावांनी पुन्हा ऐकलं. मान एका बाजूला करून, डोळे मिटून. मग माझ्याकडे पाहिलं. "खरं हाये," ते म्हणाले. "सतरा-अठरा वर्साचा घरोबा हाये, हे कायले खोटी बोलन मले." आणि त्यांनी तिसरी तार माझ्या सुरापर्यंत खाली आणली.

दुपारी मंडई फुलली. शेव-मुरमुऱ्याची दुकानं, बांगड्या, आकाशपाळणा, पाहुण्यारावळ्यांची गर्दी. मी मंचावर ढोलकीशेजारी होते. यादोराव धुतलेल्या सदऱ्यात खुर्चीवर बसले आणि त्यांनी सुरुवात केली. पहिली ओळ वरच्या तारांवर. लोक गप्प झाले. काकड्याची चाल ओळखून बायका एकमेकींना कोपरानं ढोसू लागल्या. मग चाल तिसऱ्या तारेवर उतरली, आणि यादोराव थांबले.

त्यांनी पुन्हा सुरुवात केली. तिसऱ्या तारेचा सूर त्यांच्या कानाला खटकला आणि ते पुन्हा थांबले. लोकांना काही चुकल्यासारखं वाटतच नव्हतं. केसभराचा फरक त्या गर्दीत कोणाला कळणार? हा माणूस पुनःपुन्हा काहून थांबतो, एवढंच त्यांना दिसत होतं. तिसऱ्यांदा थांबले तेव्हा कोणीतरी ओरडलं, "गाडी फसली का गा यादोराव? बैल आनू का?" आणि मंडईभर हशा पिकला.

खोटं कशाला सांगू, पहिल्या वेळी मला आनंद झाला. दुसऱ्या वेळीही झाला. तिसऱ्या वेळी मी त्यांचा चेहरा पाहिला. त्यांनी लोकांना हात जोडले, गिटार उचलली आणि मंचाच्या मागच्या बाजूनं उतरून घरी गेले. दंडार सुरू झाली. भय्याजींनी मला वाजवलं. ढोलकीच्या दणक्यात माझी पांढरी पाच कोणाच्या लक्षात आली नाही. ज्याच्या आली असती तो माणूस तिथं नव्हता.

मला वाटलं होतं, ती हरेल आणि ते माझ्याकडे परत येतील. एवढंच मला हवं होतं. त्यांनी गिटार खुंटीला टांगली ती टांगलीच. पण दुसऱ्या दिवशी भय्याजी काकड्याला बोलवायला आले तेव्हा यादोराव ओसरीवरूनच म्हणाले, "ज्याचा कान गेला त्यानं पेटीले हात लावू नये. तुमी म्हना भजन."

"एका मंडईनं का कान जाते का गा?"

"पेटीच्या खऱ्या सुराले खोटं म्हनत होतो मी, भय्याजी. तुमीच तं सांगतलं."

त्यांनी माझं झाकण लावलं आणि कडीला सुतळी बांधली. भजन मंडळानं पुढं दुसरी पेटी आणली. उंदरांनी माझा भाता कुरतडला. यादोराव शेतावर जाता-येता गुणगुणायचे, रोवणीतल्या बायकांच्या गाण्यात मधूनच सूर मिसळायचे, तेही थांबलं. घरात कोणी गाऊ लागलं की उठून बाहेर जायचे. सात वर्षं मी त्या सुतळीच्या आत होते. गिटार समोरच होती, तिच्या तारा गंजत होत्या. जिच्यावर जळायचं तीही मुकी. आता जळू तरी कोणावर?

पंच्याऐंशी साली शकुनबाईनं मनावर घेतलं. गावात बायकांचं भजन मंडळ सुरू झालं होतं आणि त्यांना पेटी हवी होती. भंडाऱ्याहून पेट्या दुरुस्त करणारा तुलाराम आला. अंगणात खाटेवर त्यानं मला उघडलं, पट्ट्या काढल्या, ब्रशनं धूळ झटकली. यादोराव पलीकडे अंबाडीचा दोर वळत बसले होते. पाठ आमच्याकडे.

तुलारामनं एकेक जीभ फुंकून पाहिली. पांढऱ्या पाचव्या जिभेशी थांबला आणि बारीक चिमट्यानं ते कुसळ ओढून काढलं. मित्रांनो, त्या दिवशी माझं पितळ उघडं पडलं.

"माय, हे पाहा," तो शकुनबाईला म्हणाला. "कितीक वर्सापासून हे पट्टी खोटी बोलत असन."

दोर वळणारे हात थांबले. "कोनती पट्टी?" यादोरावांनी विचारलं.

"पांढरी पाच."

"किती खाली बोलत होती?"

"केसभर, बाबाजी. साध्या कानाले समजतच नाई. ज्याले समजलं असन त्याचा कान सोन्याचा."

यादोराव उठून आले. तुलारामच्या तळहातावरचं कुसळ त्यांनी वाकून पाहिलं. हात लावला नाही. मग खाटेच्या कडेला बसले.

"मले समजलं होतं," ते म्हणाले. "त्याच दिवशी समजलं होतं मले."

 शकुनबाईनं पदर डोळ्याला लावला. मला वाटलं, आता हे मला उचलून अंगणात आपटतील, आणि आपटलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी धोतराचा सोगा धरला आणि माझ्या पट्ट्या पुसल्या. "तुहा काय दोस व," असं म्हणाले. त्यांना वाटलं, मुक्या वस्तूला काय कळतं.

पंधरा दिवसांनी तुलारामनं भंडाऱ्याहून एसटीनं गिटारीच्या तारा पाठवल्या. यादोरावांनी गिटार खुंटीवरून उतरवली, शकुनबाईला माझी पट्टी दाबायला लावली आणि तिसरी तार जुळवली. मी खरा सूर दिला, जीव लावून दिला. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "आता बरोबर." मग काकड्याची चाल सुरू केली. पण सात वर्षांत बोटांचे सांधे धरले होते, आणि शोधून शोधून बसवलेल्या जागा कुठल्या कुठं गेल्या होत्या. अर्ध्यावर येऊन ते थांबले. हसले, आणि पुन्हा पहिल्यापासून लागले.

आता मी शकुनबाईबरोबर बायकांच्या भजनाला जाते. माझा मान मला परत मिळाला आहे. तरी घरात ती वाजू लागली की मला बरं वाटत नाही. स्वभावाला औषध नाही. फक्त आता ठिपक्याची पट्टी दाबली की मी मनातलं मनात ठेवते आणि सूर खरा देते.

मित्रांनो, तुमच्या घरी एखादं जुनं वाद्य असेल तर वर्षातून एकदा त्याला उघडा, धूळ झटका, धानाच्या दिवसांत त्याचं झाकण लावून ठेवा. आणि ऐकताना तुमच्या कानाला काही खटकलं तर दुसऱ्याच्या सांगण्यावरून स्वतःच्या कानाला खोटं पाडू नका. आधी पेटी उघडून बघा. माझा कुरतडलेला भाता तुलारामनं एका सकाळी शिवून दिला. यादोरावांची चाल मात्र अजूनही अर्ध्यावर येऊन थांबते.